शब्दचर्चा: 'अरेस्ट रेकॉर्ड'ला मराठीत काय म्हणावं?

खाडीपलीकडची

नमस्कार मंडळी. कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लारा काउंटीत राहणाऱ्या मराठी ज्येष्ठांसाठी चार पानी माहितीपत्रक लिहितेय. घरातल्या कुणाला पोलिसांनी नेलं तर तो कुठे आहे, कशासाठी नेलंय, जामीन किती, हे कुणालाही विचारता येतं. ते कुठे आणि कसं विचारायचं, एवढाच विषय. मुलाकडे सहा महिने राहायला आलेल्या आईवडिलांना हातात धरून वाचता यावं असं हवंय.

गाडी शब्दांवर अडलीय. काउंटी, शेरीफ, बुकिंग, अरेनमेंट, 'ओन रेकग्निझन्स'वर सुटका आणि मुख्य म्हणजे अरेस्ट रेकॉर्ड. एका स्नेह्यांनी 'गुन्हेगारी नोंद' सुचवलंय. मन घेत नाही.

कोर्टाची पायरी

घेऊच नये. आपल्याकडे 'रेकॉर्ड' या शब्दाला आधीच डाग लागलाय. 'रेकॉर्डवरील सराईत गुन्हेगारास अटक' ही बातमी आपण इतकी वाचतो, की 'त्याचं पोलीस रेकॉर्ड आहे' म्हटल्यावर पुढचं काही ऐकायची गरज उरत नाही. तुमच्या पत्रकातला माणूस फक्त पकडला गेलाय. आरोपपत्रसुद्धा नाही, शिक्षा तर लांबच. सरळ 'अटकेची नोंद' लिहा. खटला होऊन दोषी ठरला तर 'दोषसिद्धी'. या दोन नोंदी एका शब्दात कोंबू नका.

आणि 'ओन रेकग्निझन्स'साठी नवा शब्द पाडू नका, आपल्या कोर्टात तो रोज वापरतात: जातमुचलका. पैसे न भरता, 'तारखेला हजर राहीन' असं स्वतः लिहून देऊन सुटणं. 'जातमुचलक्यावर सुटका' म्हटलं की निवृत्त तलाठ्यालाही कळेल.

खाडीपलीकडची

जातमुचलका! आजोबांच्या तोंडी ऐकलेला शब्द. घेतला.

बारीक टाईप

अटक या शब्दातच एक गंमत आहे. मराठी बातमीदार 'अटक' आणि 'ताब्यात घेतले' यात कटाक्षाने फरक करतात. ठाण्यात चौकशीला नेलं तर ताब्यात, कागदावर अटक दाखवली तर अटक. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेत हा फरक मागाहूनही लागू होतो. कलम ८४९.५ प्रमाणे एखाद्याला अटक करून सोडलं आणि त्याच्यावर आरोपच दाखल झाला नाही, तर त्या नोंदीत सुटकेची नोंदही करावी लागते आणि तिथून पुढे ती अटक 'अटक' मानतच नाहीत, 'केवळ ताब्यात घेणं' मानतात. म्हणजे कायदा स्वतःच जुना शब्द खोडून नवा लिहितो. ही जोडी मराठीत आयती आहे, पत्रकात वापराच. पुढेमागे कुठल्या अर्जात 'तुम्हाला कधी अटक झाली होती का' असा प्रश्न आला तर हा फरक नुसता भाषेचा राहत नाही.

उंबरठा

काउंटीला 'जिल्हा' म्हणायला हरकत काय? आकार तसाच, कामंही बरीचशी तीच.

बारीक टाईप

भूगोलापुरतं ठीक आहे. पण जिल्हा म्हटलं की आपल्या माणसाला कलेक्टर आणि एसपी आठवतात आणि तो काउंटीत त्यांना शोधत बसेल. इथे कलेक्टर नाही, निवडून आलेलं पर्यवेक्षक मंडळ आहे. काउंटीचा तुरुंग ज्याच्या हाती असतो तो शेरीफही लोकांनी निवडून दिलेला. शिवाय याच काउंटीतल्या सॅन होजे शहराचे पोलीस शेरीफच्या हाताखाली नाहीत, ते शहराचे. सॅन होजेच्या पोलिसाने पकडलं तरी माणूस जमा होतो काउंटीच्या तुरुंगात. 'जिल्हा पोलीस' लिहिलंत तर हा घोळ कसा उलगडणार? काउंटी तशीच ठेवा.

उंबरठा

मग शेरीफलाही तसंच ठेवावं लागेल. कारण शेरीफला मराठीत अधिकृत शब्द आहे, 'नगरपाल', आणि मुंबईचे नगरपाल सुनील गावसकरही होते. मानाचं पद, मुदत एक वर्षाची. रात्री दोन वाजता आजोबांनी नगरपालांना फोन लावायचा म्हणजे...

कोर्टाची पायरी

:) शेरीफच ठेवा.

खाडीपलीकडची

बरं, बुकिंग? 'नोंदणी' म्हटलं तर लग्नाची वाटते.

कोर्टाची पायरी

आत नेमकं काय करतात ते सांगा, मग शब्द बघू.

बारीक टाईप

तुरुंगात आणल्यावर नाव-जन्मतारीख घेतात, अंगझडती, जवळच्या वस्तूंची यादी, बोटांचे ठसे, फोटो, कुठल्या कलमाखाली आणलंय ते, आणि मग एक नंबर देतात. कधीकधी यात कित्येक तास जातात आणि तोवर तुरुंगाच्या ऑनलाइन शोधात नाव सापडत नाही. घरच्यांचा जीव नेमका तेव्हाच टांगणीला लागतो. नाव दिसत नाही म्हणजे सोडलं असेल, असा अर्थ काढू नये, हे पत्रकात ठळक टाका. पकडलेल्या माणसाला अटकेनंतर तीन तासांच्या आत तीन फोन करू द्यावे लागतात, तेही टाका. घरचा फोन कुणी 'अनोळखी नंबर' म्हणून कापू नये.

कोर्टाची पायरी

आपल्याकडे यातलं काही स्टेशन डायरीत जातं, काही अटक पंचनाम्यात. एकच शब्द नाही. 'तुरुंगात दाखल करून घेणं' असं एकदा समजावून सांगा आणि पुढे 'बुकिंग' वापरा; कागदावर तोच शब्द दिसणार आहे. मात्र 'अरेनमेंट'ला 'आरोपनिश्चिती' अजिबात लिहू नका. आपल्याकडे आरोपनिश्चिती आरोपपत्रानंतर होते, कधी कधी वर्षानुवर्षांनी. तुमच्याकडे?

बारीक टाईप

कोठडीत असेल तर ४८ तासांत, रविवार आणि सुट्ट्या सोडून. न्यायाधीश आरोप सांगतात, वकील आहे का विचारतात, कबूल की नाकबूल ते विचारतात, जामिनाचं बघतात.

कोर्टाची पायरी

मग 'कोर्टातली पहिली हजेरी'. आपल्याकडच्या २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करण्याच्या जवळचं. आणि जामीनदाराबद्दल लिहिणार असाल तर जपून. आपला जामीनदार म्हणजे सातबारा घेऊन कोर्टात आलेला मामा.

बारीक टाईप

आणि इकडचा बेल बाँड्समन म्हणजे दुकान. साधारणपणे जामिनाच्या १० टक्के घेतो आणि खटला सुटला तरी ते परत मिळत नाहीत. त्याला 'जामीनदार' म्हटलं तर आजी म्हणणार, भला माणूस, देवासारखा धावून आला.

मोडी लिपी

मूळ मुद्दा राहतोय. ही माहिती 'सार्वजनिक' म्हणजे नक्की किती? कुणीही उठून कुणाचंही मागू शकतं?

बारीक टाईप

बरंच मागू शकतं. अमेरिकेचा १९६६चा माहिती स्वातंत्र्याचा कायदा फक्त केंद्राच्या खात्यांना लागू आहे, काउंटीला नाही. तिथे राज्याचा कायदा चालतो. कॅलिफोर्नियाचा कायदा १९६८चा. त्यातल्या सध्याच्या कलम ७९२३.६१० प्रमाणे पकडलेल्याचं पूर्ण नाव, व्यवसाय, जन्मतारीख, डोळ्यांचा-केसांचा रंग, उंची, वजन, अटकेची आणि बुकिंगची वेळ, ठिकाण, कशी परिस्थिती होती, जामिनाची रक्कम, सगळे आरोप, आणि आता तो कुठे आहे किंवा कधी आणि कसा सुटला, एवढं पोलिसांनी सांगायचं. कुणाच्या जिवाला किंवा तपासाला धोका असेल तर तेवढं रोखता येतं. कशाला हवंय, हे साधारणपणे सांगावं लागत नाही. घरचा पत्ता मात्र सरसकट देत नाहीत. पत्रकारिता, संशोधन अशी कारणं असतील तरच, आणि त्यावरून माल विकणार नाही असं शपथेवर लिहून द्यावं लागतं.

मोडी लिपी

आपल्याकडे बरोब्बर उलट! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम ३७ नुसार प्रत्येक ठाण्यात, सहायक फौजदाराच्या खालच्या दर्जाचा नसलेला एक अधिकारी नेमायचा आणि अटक झालेल्यांची नावं आणि पत्ते, गुन्ह्याचं स्वरूप, दिसेल असं लावायचं, डिजिटलसुद्धा चालेल. त्याआधीच्या संहितेत ४१-सी होतं, त्यातही फलकावर नाव-पत्ता. एफआयआर तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशापासून २४ तासांत संकेतस्थळावर टाकायचा असतो, लैंगिक गुन्ह्यांसारखी नाजूक प्रकरणं वगळून. त्या फलकासमोर उभं राहून कुणी वाचतंय, असं दृश्य मला तरी अजून दिसायचंय.

खाडीपलीकडची

मग 'पोलीस रेकॉर्ड' मागायला नेमकं जायचं कुठे?

बारीक टाईप

यातच लोक फिरत राहतात, कारण 'रेकॉर्ड' एक नसून चार आहेत. घटनेचा अहवाल पकडणाऱ्या पोलिसांकडे, म्हणजे सॅन होजे, सनीव्हेल, जे शहर असेल तिथे. आणि पूर्ण अहवाल त्रयस्थाला बहुधा मिळत नाही, वरची माहिती मिळते. कोठडीची नोंद शेरीफकडे. खटल्याची फाइल काउंटीच्या सुपिरिअर कोर्टात, आणि कोर्टाला हा माहितीचा कायदा लागूच नाही, त्यांचे नियम वेगळे: फौजदारी फाइलमधले कागद साधारणपणे घरबसल्या बघता येत नाहीत, कोर्टात जाऊन बघायचे. चौथी राज्याच्या न्याय विभागाकडची आयुष्यभराची जंत्री. ती गोपनीय असते, ज्याची त्याला ठसे देऊन मिळते. शेजाऱ्याला नाही.

मराठीत मी असे चार शब्द घेईन: पोलीस अहवाल, कोठडीची नोंद, खटल्याची फाइल, राज्याची जंत्री. 'रेकॉर्ड' शब्द पत्रकातून काढूनच टाका.

अजून एक, आपल्या नावांचं. २०२१ साली कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने रिव्हरसाइड काउंटीच्या कोर्टाला सांगितलं, की संकेतस्थळावर जन्मतारीख किंवा वाहन परवान्याचा नंबर टाकून आरोपी शोधण्याची सोय ठेवता येणार नाही. आरोपीच्या दृष्टीने चांगलंच झालं. पण नुसत्या नावावर शोधलं की एकाच नावाचे पाच पाटील येतात. मधलं नाव कुणी वडिलांचं लिहितं, कुणी गाळतं. नाव जुळलं म्हणून माणूस तोच, असं धरू नये.

उंबरठा

आणि फोटो? फ्लोरिडात तर शेरीफच फोटो झळकवतात.

बारीक टाईप

कॅलिफोर्नियात २०२२ पासून, अहिंसक गुन्ह्याच्या संशयावरून पकडलेल्याचा फोटो पोलिसांनी समाजमाध्यमांवर टाकायचा नाही, काही अपवाद सोडून. खासगी साइट्स फोटो छापून 'काढायचे इतके डॉलर' म्हणायच्या, त्यालाही २०१५ पासून बंदी आहे. मगशॉटला शब्द शोधू नका, 'अटकेच्या वेळचा फोटो' पुरे.

खाडीपलीकडची

शेवटचा शब्द. आरोप टिकला नाही तर अटकेची नोंद 'सील' करून घेता येते, कलम ८५१.९१ खाली. 'नोंद पुसणं' लिहू?

कोर्टाची पायरी

पुसली जाते का खरंच?

बारीक टाईप

नाही. नोंद राहते, पोलीस-वकिलांना दिसते. बाकीच्यांना दाखवत नाहीत. अटक झालीच नाही असं समजलं जातं, काही अपवाद सोडून.

कोर्टाची पायरी

मग 'पुसणं' नाही. 'नोंद झाकली जाते' लिहा, आणि खाली कंसात की अर्ज सुपिरिअर कोर्टात करायचा, पोलिसांकडे नव्हे.