सागवान, पितळ आणि कडप्पा एकाच टीपॉयमध्ये: कुठे कोणता गोंद?

खाचपटाशी:
सागवानी टीपॉय आहे. फ्रेमच्या पट्ट्या ९० मिमी रुंद, २५ मिमी जाड. मधे ६०० × ३०० × १८ मिमीचा कडप्पा, त्याखाली १२ मिमी मरीन प्लाय. फ्रेमच्या मधोमध खाच पाडून ६ मिमी रुंद, २ मिमी जाड पितळी पट्टी सभोवार बसवली आहे. सगळीकडे साधा पांढरा गोंद वापरलाय. जुलैत पट्टी कोपऱ्यांवर उचलली आणि कडप्पा आता हात लावला की खडखडतो. लाकडाचे सांधे मात्र शाबूत आहेत. घर रत्नागिरीत, समुद्राजवळ. सगळीकडे चालेल असा एकच गोंद आहे का?

भुसा_आणि_डिंक:
नाही. पांढरा गोंद वाळतो म्हणजे त्यातलं पाणी लाकूड शोषून घेतं. पितळ पाणी पीत नाही, पॉलिश केलेला कडप्पाही जवळपास नाही. त्यामुळे त्या बाजूला नुसती पापडी धरते, पकड बसत नाही. लाकडाचे सांधे टिकले ते म्हणूनच.

लाकूड-लाकूड सांध्याला फेव्हिकॉल मरीनसारखा पाण्याला टिकणारा गोंद पुरे. पण सागवान तेलकट असतं. रंधा मारून ताजा पृष्ठभाग काढा, अ‍ॅसिटोनच्या फडक्याने पुसा आणि पंधरा-वीस मिनिटांत गोंद लावा. उशीर झाला की तेल परत वर येतं. लाकडाचा ओलावा मीटरवर १२ टक्क्यांच्या आत असावा. दर चौरस मीटरला १५० ते २०० ग्रॅम गोंद, क्लॅम्प १५-२० सेंमी अंतरावर. कडेने गोंदाचे बारीक मणी सलग फुटले की दाब बरोबर. जोर २४ तासांनंतरच द्या.

पितळेला इपॉक्सी, म्हणजे साधं आराल्डाइट. पाच मिनिटांत घट्ट होणारं नको, ओलाव्यात ते कमी टिकतं. दोन ट्यूबमधून (एकीत रेझिन, दुसरीत ते घट्ट करणारा हार्डनर) सारख्या लांबीची रेघ काढायची. वजनाने मोजत असाल तर १०० भाग रेझिनला ८० भाग हार्डनर. लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवू नका, कायमचं चिकट राहतं. पट्टीची खालची बाजू ८० नंबरच्या काचपेपरने खरडून अ‍ॅसिटोनने पुसा, मग बोट लावायचं नाही. दाब हलकाच, नुसती मास्किंग टेप. इपॉक्सी क्लॅम्पने पिळून काढलं तर सांधा उपाशी राहतो.

रेषाबघा:
वरचं सगळं मान्य, पण पट्टी कोपऱ्यावरच का उचलली हे राहिलं. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं. ओलावा १० वरून १५ टक्क्यांवर गेला तर ९० मिमी सागवान अर्धा ते पाऊण मिमी फुगतं. फळी कशी कापली आहे त्यावर थोडं कमी-जास्त. फ्रेमच्या पट्टीच्या लांबीबरोबर जाणारं पितळ सुखात असतं. कोपऱ्यात तेच पितळ शेजारच्या लाकडी पट्टीच्या रेषांना, म्हणजे तंतूंना, आडवं जातं आणि तिथे लाकूड त्याला ओढतं. म्हणून पितळ अखंड नेऊ नका. लाकडाच्या सांध्याच्या रेषेवरच कापा आणि व्हिजिटिंग कार्डाएवढी फट सोडा. नाहीतर कितीही भारी गोंद लावा, पुढच्या पावसाळ्यात परत याल.

खाचपटाशी:
पीयू (पॉलियुरेथेन) गोंद? ओलाव्यात तोच चांगला म्हणतात. आणि जुना गोंद खाचेत राहिला तर?

भुसा_आणि_डिंक:
पीयू फुगतो म्हणून फट भरल्यासारखी दिसते. भरतो तो फेस, ताकद त्यात नसते. घट्ट सांध्याला ठीक, तुमच्या खाचेला नाही.

जुना गोंद पूर्ण काढावाच लागेल, त्यावर नवं काही धरत नाही. कोमट पाण्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं ठेवा, गोंद मऊ पांढरट झाला की पटाशीने खरवडा. मग लाकूड निदान दोन दिवस वाळू द्या. ही कामं ऑगस्टात करू नका हे सांगायला नको.

रेषाबघा:
कडप्पा चिकटवूच नका. त्या मापाचा दगड साधारण ९ किलोचा, तो स्वतःच्या वजनाने बसतो. गोंद फक्त खडखड थांबवायला हवा. प्लायवर न्यूट्रल सिलिकॉनचे रुपयाएवढे सहा ठिपके द्या, मधे २ मिमीच्या रबरी चकत्या ठेवा म्हणजे दगड खाली दाबून सिलिकॉन चपटं होणार नाही. चारी बाजूंनी २-३ मिमी फट सोडा. फ्रेम फुगते ती आतही. दगड कडेला टेकला असेल तर कोपऱ्याचे सांधे उघडतील.

व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आणू नका. कडप्पा चुनखडी आहे, आम्लाने डागाळतो, आणि शेजारची पितळी पट्टी हिरवी पडते. दुकानात नुसतं सिलिकॉन मागितलं की बहुधा तेच हातात देतात, ट्यूबवर न्यूट्रल लिहिलंय ना ते बघा.

भुसा_आणि_डिंक:
एक राहिलं: फेव्हिक्विकने पट्टी तात्पुरती धरून मग इपॉक्सी भरायचा मोह होतो. ठिपका पडला तिथे इपॉक्सी पोचत नाही, आणि तो ठिपका ठिसूळ असतो. टेपच लावा. पट्टी पुढे कधी काढावी लागली तर सोल्डरिंग आयर्न टेकवून तापवा; साधं इपॉक्सी ६०-७० अंशांच्या पुढे मऊ पडतं, पितळ उष्णता पटकन पुढे नेतं आणि पट्टी लाकूड न फाटता सुटते.