ट्रॅस्टुझुमॅबचे 18 डोस आणि पाच लाखांची पॉलिसी: मेळ कसा घालायचा?

प्राजक्त42
आई, वय 58, वजन 60 किलो. एचईआर2 पॉझिटिव्ह (पेशींवर एचईआर2 हे प्रथिन जास्त असलेला) स्तनाचा कर्करोग. त्यावरचं इंजेक्शन ट्रॅस्टुझुमॅब दर तीन आठवड्यांनी, वर्षभरात 18 डोस. पॉलिसी पाच लाखांची, सहा वर्षं सलग. टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था) म्हणतो, हे 'मॉडर्न ट्रीटमेंट'मध्ये येतं, त्याला मर्यादा आहे. हॉस्पिटलपेक्षा बाहेर औषध बरंच स्वस्त मिळतंय. बाहेरून आणलं तर क्लेम पास होतो का? कुपीत उरलेल्या औषधाचं काय करतात?

फार्मसी_सातारा
आधी कुपीचा हिशेब, कारण पैसा तिथेच सांडतो. पहिला डोस किलोला 8 मिग्रॅ, म्हणजे 480. पुढचे किलोला 6 प्रमाणे 360. दर वेळी नवी 440 मिग्रॅची कुपी फोडली तर वर्षाला 19 लागतात (पहिल्या वेळी दोन) आणि पहिल्या डोसनंतर प्रत्येक वेळी 80 मिग्रॅ मोरीत जातं. पण ही कुपी सोबतच्या बॅक्टेरिओस्टॅटिक (जंतूंची वाढ रोखणाऱ्या) पाण्यात विरघळवली की 2 ते 8 अंशांत 28 दिवस चालते आणि डोसमधलं अंतर 21 दिवसांचं आहे. उरलेलं पुढच्या खेपेला वापरत गेलं तर 16 कुप्यांत वर्ष निघतं. तीन कुप्या वाचतात, ही रक्कम लहान नाही.

हे हॉस्पिटलच्या फार्मसीनेच करायचं. फोडलेली कुपी घरच्या फ्रिजमध्ये अजिबात नको. कुपीवर आईचं नाव, विरघळवल्याची तारीख आणि वेळ हवी. नर्सने साधं स्टराइल पाणी वापरलं की उरलेलं टाकावंच लागतं, म्हणून पहिल्या डोसआधीच बोलून ठेवा. 150 ची कुपी एकदाच वापरायची असते, तिच्यात हा हिशेब बसत नाही.

सीमाशुल्क माफ झाल्याचं ऐकलं असेल, पण 2024 मध्ये माफ झालं ते ट्रॅस्टुझुमॅब डेरक्सटेकनचं. नावं जुळतात, पण औषध वेगळं आणि डोसही वेगळा. चिठ्ठीवरचं पूर्ण नाव कुपीशी ताडून पाहा.

क्लेमडेस्क
टीपीएचं म्हणणं अर्धं खरं आहे. आयआरडीएआयने (विमा नियामकाने) 2019 मध्ये बारा आधुनिक उपचार पॉलिसीतून वगळायला मनाई केली. इंजेक्शनने द्यायच्या मोनोक्लोनल अँटीबॉडी त्यांत आहेत, आणि ट्रॅस्टुझुमॅब त्यांतलंच. वगळता येत नाही, पण सब-लिमिट (त्या उपचारापुरती वेगळी कमाल रक्कम) लावता येते, आणि ती पॉलिसीच्या कागदात छापलेली असली पाहिजे. ईमेलवर विचारा: कलम कोणतं, रक्कम किती, वर्षाला की डोसला? फोनवरचं उत्तर पुढे कामाला येत नाही.

बाहेरून आणायचं तर हॉस्पिटल ते स्वीकारतं का, हे आधी विचारा. बरीच हॉस्पिटलं शीतसाखळीची (औषध वाटेत सतत थंड राहिल्याची) खात्री नाही म्हणून नकार देतात. स्वीकारत असतील तर ऑन्कॉलॉजिस्टची चिठ्ठी, आईच्या नावाचं बॅच नंबर असलेलं बिल, आणि तोच बॅच नंबर डिस्चार्ज समरीत. तीनही कागद जुळले नाहीत की रिइम्बर्समेंट (आधी भरलेले पैसे परत मिळणं) अडकतं. भरती 'डे-केअर' (त्याच दिवशी घरी सोडणारी) म्हणूनच नोंदवून घ्या, तिथे 24 तासांची अट नाही. कागदावर 'ओपीडी' पडलं की क्लेम तिथेच फसतो.

आणखी एक. 18 डोसना साधारण 51 आठवडे लागतात, म्हणजे मध्ये रिन्यूअल येणारच आणि नव्या वर्षाचे पाच लाख पुन्हा मिळतात. क्लेम घेतला म्हणून कंपनी रिन्यूअल नाकारू शकत नाही. तारीख मात्र चुकवू नका.

प्राजक्त42
त्वचेखाली द्यायचं 600 मिग्रॅचं इंजेक्शन पाच मिनिटांत होतं म्हणे. ते बरं का?

क्लेमडेस्क
आईला सोपं, पण क्लेमला अवघड. भरतीच नसल्याने 'ओपीडी' म्हणून नाकारायला सोयीचं होतं. आधी लेखी मंजुरी घ्या. नकार आला तर कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपाल. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही.

फार्मसी_सातारा
राहिलंच. रिकामी कुपी नष्ट केल्याचं डोळ्यांनी पाहा. मार्च 2024 मध्ये दिल्ली पोलिसांनी पकडलेल्या टोळीने अशाच रिकाम्या कुप्या भरून विकल्या होत्या.