पिकअपचा डावा हेडलाइट मंद : बल्ब, रिले बदलूनही फरक नाही

काटोलचा संत्रावाला :
नमस्कार. माझ्याकडे 12 व्होल्टची जुनी मालवाहू पिकअप आहे. आंबिया बहाराच्या हंगामात मी काटोलहून संत्री भरून रात्री निघतो आणि पहाट होण्यापूर्वी नागपूरला कळमन्याच्या बाजारात पोहोचतो. गेल्या तीन आठवड्यांपासून गाडीचा डावा हेडलाइट डिपरवर (खाली पडणाऱ्या, जवळच्या प्रकाशावर) तांबूस आणि मंद पेटतो. उजवा मात्र लख्ख आहे. 60/55 वॉटचा (अप्परला 60, डिपरला 55) एच-4 बल्ब दोनदा बदलला, रिले (दिव्याचा करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) नवीन बसवला, फ्यूज तपासला, तरी काहीच फरक पडला नाही. मेकॅनिकने मल्टिमीटर लावल्यावर डाव्या होल्डरपाशी 12 व्होल्ट मिळाले, त्यामुळे ‘सप्लाय बरोबर आहे, 100/90 चा बल्ब टाका’ असे त्यांनी सुचवले. आणखी एक गोष्ट सांगतो, तिचा याच्याशी संबंध आहे की नाही हे मला कळत नाही : डिपर चालू असताना डॅशबोर्डवरचा अप्परचा (लांबच्या प्रकाशाचा) निळा दिवाही अगदी अंधुक पेटलेला दिसतो. कळमेश्वरच्या अलीकडे धुके लागले की रस्त्याची डावी कड दिसत नाही, म्हणून लवकर मार्गदर्शन मिळाल्यास बरे होईल.

हिंगणा रोड :
जी गोष्ट आपण शेवटी, संकोचाने लिहिली आहे, तीच या प्रश्नाची किल्ली आहे. एच-4 बल्बमध्ये डिपरची आणि अप्परची अशा दोन फिलामेंट असतात आणि त्या दोघींची अर्थ (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी वायर) एकच असते. डाव्या बाजूची ही अर्थ तुटली किंवा गंजली, तर डिपरच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला बॅटरीकडे परतायला सरळ वाट उरत नाही. मग तो डाव्या अप्परच्या फिलामेंटमधून उलटा जाऊन अप्परच्या वायरीत शिरतो आणि उजव्या बल्बच्या अप्परमधून तिकडच्या अर्थला मिळतो. तीन फिलामेंट एकापुढे एक लागल्यामुळे प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम एक तृतीयांश व्होल्टेज येते, म्हणून डावा दिवा तांबूस दिसतो. वाटेत अप्परच्या वायरीवर जोडलेला निळा दिवाही त्यामुळेच मिणमिणतो.

मेकॅनिकचे माप खोटे नव्हते, पण मीटरची काळी पिन बहुधा इंजिनवर किंवा चेसिसवर टेकवलेली असावी. तसे केल्यास पॉझिटिव्ह वायर नीट आहे एवढेच कळते, परतीच्या वाटेबद्दल काहीच कळत नाही. प्लग बल्बला लावलेलाच ठेवून डिपर चालू करावा, लाल पिन डाव्या प्लगच्या अर्थच्या वायरीवर आणि काळी पिन थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवावी. अर्थ निरोगी असेल तर एका व्होल्टच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याएवढेच माप येईल; त्याहून बरेच जास्त आले तर दोष सापडला असे समजावे.

जुना वायरमन :
वरील निदानाशी मी बहुतांशी सहमत आहे, तरी स्टिअरिंगजवळच्या कॉम्बिनेशन स्विचमध्ये (डिपर-अप्पर बदलणाऱ्या दांडीच्या स्विचमध्ये) जळालेले कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटले तरीही निळा दिवा पेटू शकतो, हे विसरू नये. दोहोंतला फरक मीटरशिवायही ओळखता येतो. डिपर चालू ठेवून डाव्या बल्बचा प्लग काढावा. निळा दिवा लगेच विझला तर दोष डाव्या अर्थमध्ये आहे, तसाच राहिला तर स्विच उघडून पाहावा. अर्थात, काही गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो आणि तिथे हे सारे गणित उलटते. त्यामुळे आधी वायरिंग पाहून घ्यावे.

100/90 चा बल्ब मात्र कृपया लावू नये. 55 वॉटला साडेचार अँपिअरच्या आसपास करंट लागतो, 90 वॉटला साडेसात. मूळ वायर आणि प्लॅस्टिकचा होल्डर तेवढ्यासाठी बनवलेले नसतात. नागपूरच्या मे महिन्यात बोनेटखाली आधीच काय भट्टी असते हे आपण जाणताच. असे वितळलेले होल्डर मी किती बदलले याची गणती नाही. शिवाय मूळ दोष अर्थमध्ये असेल तर मोठा बल्बही मंदच पेटेल.

काटोलचा संत्रावाला :
दोघांचेही मनापासून आभार. प्लग काढताच निळा दिवा विझला. मीटरवर अर्थ आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये 7.2 व्होल्ट मिळाले. काळ्या वायरीचा माग काढत गेल्यावर ती डाव्या फेंडरच्या आतल्या बोल्टला थिंबलने (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीने) जोडलेली सापडली आणि तिथेच उलगडा झाला. दिवाळीपूर्वी त्या बाजूला गाडी घासली होती, तेव्हा एका गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग करून घेतले होते. रंग थिंबलच्या खालच्या पत्र्यावरही बसला आणि त्यावरच बोल्ट आवळला गेला, म्हणून करंटला पत्र्यापर्यंत नीट वाट मिळत नव्हती. काचकागदाने पत्रा आणि थिंबल चकचकीत होईपर्यंत घासले, बोल्ट कसला, वरून ग्रीस लावले. आता माप 0.1 व्होल्ट येते आणि दोन्ही दिवे सारखे आहेत. दोन बल्ब आणि एक रिले उगाच विकत घेतले, याची थोडी खंत वाटते.

हिंगणा रोड :
जुना बल्ब चांगला असेल तर तो गाडीतच जपून ठेवा, रात्रीच्या प्रवासात उपयोगी पडेल. फक्त बसवताना काचेला बोटे लावू नका, कारण त्वचेचे तेल लागलेल्या जागी हॅलोजनची काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. फेंडरचे काम झाले आहे म्हणजे डाव्या दिव्याची दिशाही बदललेली असू शकते. रात्री सपाट जागी, भिंतीपासून 10 मीटरवर गाडी उभी करून पाहा; डिपरच्या प्रकाशाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण 10 ते 15 सेंटिमीटर खाली पडायला हवी. हे माप मात्र क्रेट भरलेले असतानाच घ्या, कारण माल चढला की मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) दबतात, नाक वर येते आणि रिकाम्या गाडीवर बरोबर लावलेला प्रकाश समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.