संडे स्कूलमध्ये क्षमा शिकवायला अभिजात कथा: कोणती, आणि कशी घ्यावी?

पानगळ
सर्वांना जय ख्रिस्त. 9 ते 12 वयाची 12 मुलं, उपासनेनंतर 45 मिनिटं. बायबलमधल्या गलतीकरांस 5:22-23 मधली आत्म्याची नऊ फळं (प्रीती, ममता, चांगुलपणा असे गुण) सगळ्यांना तोंडपाठ. पण ममता आणि चांगुलपणा यांत फरक काय विचारलं की वर्ग गप्प. गोष्ट सांगून ‘काय शिकलात?’ विचारलं तर ठरलेलं उत्तर येतं: क्षमा करावी. ‘यात्रिकक्रमण’ घ्यावं का?

जुनी_वही
सुरुवातीला नको. जॉन बनियनच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’चं हरी केशवजींनी केलेलं ते भाषांतर 1841 चं, भाषा मुलांना जड जाते. शिवाय रूपककथेत पात्राच्या नावातच गुणदोष असतो, मुलांना ठरवायला काही उरत नाही.

क्षमेसाठी व्हिक्टर ह्यूगोच्या ‘ले मिझेराब्ल’मधला (1862) बिशप मिरिएलचा प्रसंग घ्या. अख्खी कादंबरी नको, तीन तुकडे पुरतात.

पहिला, 10 मिनिटं: पाव चोरल्याबद्दल 5 आणि पळून जायच्या प्रयत्नांबद्दल 14, अशी 19 वर्षं तुरुंगात काढून जाँ वालजाँ सुटतो. खाणावळी त्याला हाकलतात, बिशप जेवू घालून झोपायला जागा देतात आणि तो रात्री त्यांचीच चांदी घेऊन पळतो. इथे थांबा. सकाळी बिशपनी काय करावं, हे चिठ्ठीवर बिननावाने लिहून घ्या. तोंडी विचारलंत तर पहिल्या मुलाचं उत्तर बाकीचे उचलतात.

दुसरा, 5 मिनिटं: पोलीस त्याला धरून आणतात, बिशप ‘चांदी मीच दिली होती, हे मात्र विसरलात’ म्हणून मेणबत्त्यांचे चांदीचे दिवेही देतात.

तिसरा तुकडा लहान मुलांच्या आवृत्त्यांत बहुतेकदा गाळलेला असतो, आणि नेमका तोच हवा. एवढी क्षमा मिळाल्यावरही वालजाँ झेर्व्हे नावाच्या लहान पोराच्या 40 सूच्या (सू म्हणजे जुनं फ्रेंच चलन) नाण्यावर पाय ठेवून उभा राहतो. पोरगा रडत निघून गेल्यावर भानावर येतो, त्याला शोधतो, आणि 19 वर्षांत पहिल्यांदा रडतो. हे गाळलं तर क्षमा जादूच्या कांडीसारखी वाटते: दिवे दिले, चोर सुधारला. घरात तसं होत नाही हे मुलांना पक्कं ठाऊक असतं.

वडाचा_पार
एक मुलगा हमखास विचारणार: बिशप पोलिसांशी खोटं बोलले ना? घाईने ‘चांगल्यासाठी चालतं’ म्हणू नका, पुढच्या रविवारी तेच तुमच्या अंगावर येईल. मूळ कादंबरीत पोलीस यायच्या आधीच बिशप घरकाम करणाऱ्या बाईंना सांगतात की ती चांदी गरिबांचीच होती, आपण उगाच इतके दिवस ठेवली. हे संवाद वाचून दाखवा आणि निकाल मुलांवर सोडा.

जुनी_वही
निकाल सोडायला 11-12 वर्षांची मुलं ठीक. नऊच्या पोरांना तो लोंबकळत ठेवणं मला पटत नाही.

तिळगूळ
ममता-चांगुलपणासाठी टॉलस्टॉयची चांभार मार्टिनची गोष्ट (1885) घ्या. तळघरातल्या खिडकीतून त्याला रस्त्यावरच्यांचे फक्त बूट दिसतात. फळ्यावर खिडकी काढा, एकेक माणूस आला की त्याचे बूट काढा: बर्फ उपसणारा म्हातारा, तान्हं बाळ घेतलेली बाई, सफरचंदवाली आणि चोरटा पोरगा. चहा, कोबीचं सूप, जुना कोट इथे ममता दिसते. सफरचंदवाली पोराला चोपायला निघते तेव्हा मार्टिन मध्ये पडतो, पोराला माफी मागायला लावतो, सफरचंदाचे पैसे देतो आणि कर्जमाफी मिळालेल्या चाकराचा दाखला सांगतो. तो चांगुलपणा: दोघांनाही सरळ करणारा. दाखला मत्तय 18 मधला, म्हणजे तुमचा क्षमेचा धागाही तिथेच जुळतो.

मत्तय 25:40 (‘या लहानांतल्या एकाला केलं ते मलाच केलं’, असं येशूचं वचन) मात्र आधी फोडू नका. मार्टिनलाही ते शेवटीच कळतं. सुरुवातीलाच वचन सांगितलं की मुलं प्रत्येक बुटाला ‘हा येशू!’ ओरडतात आणि माणसं दिसेनाशी होतात.

पानगळ
दोन्ही एकाच रविवारी?

तिळगूळ
नाही. मार्टिन आधी, तो 45 मिनिटांत बसतो. वालजाँला दोन रविवार द्या, आणि चिठ्ठ्या जपून ठेवा: दुसऱ्या रविवारी त्याच परत वाटून ‘आता काय बदलाल?’ एवढंच विचारा. बिननावाच्या असल्या तरी कोपऱ्यात खूण करायला सांगा, नाहीतर आपली कुठली हे कुणालाच ओळखता येत नाही.