मदत हवी आहे: दुरुस्त केलेले बिघाड एमटीबीएफमधून वगळायचे का?

कंट्रोलबोर्ड: नवीन मोटर कंट्रोलरची रिलायबिलिटी टेस्ट चालू आहे. १२०० तास झाले, ६ बिघाड. स्पेकमध्ये एमटीबीएफ, म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी वेळ, २००० तास मागितलाय. टीमचं म्हणणं, चार बिघाडांची कारणं सापडून दुरुस्ती झाली, ते वगळ आणि १२०० ला २ ने भाग. मला पटत नाहीये, पण सहाही धरले तर २०० च येतात. सोमवारी डिझाईन रिव्ह्यू आहे. कोणता आकडा लिहू? लवकर सांगा प्लीज.

तापमापक: १२०० तास एका युनिटचे की सगळ्यांचे मिळून? कोणता बिघाड कितव्या तासाला? आणि बिघाड म्हणजे तुम्ही नेमकं काय धरलंय? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

सर्किटपुराण: टेस्टमध्ये कशाला अडकताय? पार्ट लिस्ट घ्या, मिल-हँडबुक-२१७ (इलेक्ट्रॉनिक पार्टच्या फेल्युअर रेटचं अमेरिकन लष्करी हँडबुक) वरून प्रत्येकाचा फेल्युअर रेट काढा, बेरीज करून उलटा करा. आम्ही वर्षानुवर्षं हेच देतोय, ग्राहक मान्य करतात.

तडा: ग्राहकाने मान्य केलं हा पुरावा झाला का? २१७ ची शेवटची सुधारणा १९९५ ची. त्यात सुट्या पार्टचा हिशोब आहे. तडकलेलं सोल्डर, फर्मवेअरचा गोंधळ, लेआउटची चूक कुठून दिसणार? डेव्हलपमेंटमध्ये नेमकं तेच बिघडतं.

सर्किटपुराण: प्रोटोटाइप हातात नसताना दोन डिझाईनची तुलना कशाने करता मग?

तडा: तुलनेला वापरा की. इथे टेस्टचा डेटा समोर आहे.

कंट्रोलबोर्ड: चार युनिट्सचे मिळून १२०० तास. बिघाड ४०, ९५, १८०, ३९०, ६४०, १०१० ला, हेही बेरजेचेच तास. हीटसिंकजवळच्या मोठ्या कपॅसिटरचा पाय व्हायब्रेशनने दोनदा तुटला, बरोबर सोल्डरच्या वर. आता तो सिलिकॉन लावून बोर्डाला पक्का केलाय. एक कनेक्टर बदलला, गेट ड्रायव्हरचा (पॉवर ट्रान्झिस्टर चालू-बंद करणारं सर्किट) लेआउट सुधारला. शेवटच्या दोनचं कारण सापडलेलं नाही. अधूनमधून वॉचडॉग रीसेट होतो (प्रोसेसर अडकला की टायमर तो पुन्हा सुरू करतो), पण युनिट आपोआप चालू होतं म्हणून मोजला नाही.

दुहेरी: सरळ दोन कंट्रोलर बसवा. एक गेला तर दुसरा आहेच.

तापमापक: हे विचारलंय कोणी? आणि दोन्हींत फर्मवेअर एकच असेल तर दोन्ही एकदमच जातील. ४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात मुख्य आणि राखीव दोन्ही जडत्वीय संदर्भ यंत्रणा (रॉकेटची दिशा-गती सांगणाऱ्या) एकाच सॉफ्टवेअरमधल्या एकाच ओव्हरफ्लोने (आकडा ठरलेल्या जागेत न मावल्याने) बंद पडल्या.

कंट्रोलबोर्ड, काही वगळू नका. पाय पक्का केला, ठीक, पण तो टिकतो हे त्याच व्हायब्रेशनवर पुढचे तास चालवूनच दिसेल. २०० हाही आजचा आकडा नाही, त्यात जुन्या डिझाईनचे तास मिसळलेत. क्रो-एम्सा मॉडेल लावा, दुरुस्त्या होत असताना बिघाडांचा दर कसा बदलतोय ते त्यातून कळतं. प्रत्येक बिघाडासाठी १२०० भागिले त्याची वेळ, त्याचा नॅचरल लॉग, सहांची बेरीज ९.७६ येते. बीटा म्हणजे ६ भागिले ९.७६, ०.६१५. एकापेक्षा कमी आहे, म्हणजे डिझाईन सुधारतंय. आता १२०० ला ६ गुणिले बीटाने भागा: आजचा एमटीबीएफ सुमारे ३२५ तास. सहाच बिघाडांवरचा आकडा आहे, कॉन्फिडन्स रेंजसकट लिहा.

तडा: +१. २००० तास ९० टक्के कॉन्फिडन्सने दाखवायचे तर एकही बिघाड न होता सुमारे ४६०० तास लागतात. एक झाला तर ७८०० च्या आसपास, आणि तेही डिझाईन न बदलता. हे रिव्ह्यूत स्पष्ट मांडा. वाटलं तर हाल्ट (ताण वाढवत नेऊन मुद्दाम बिघाड घडवण्याची टेस्ट) करून घ्या, पण त्यातून कमकुवत जागा कळतात, एमटीबीएफ नाही.

कंट्रोलबोर्ड: ३२५ ऐकून मॅनेजर चिडणार. पण ६०० लिहिण्यापेक्षा हे बरं. टेबल करतोय.

तापमापक: थांबा, रीसेटचं राहिलंच. रीसेट होताना मोटर चालू राहते का?

कंट्रोलबोर्ड: नाही, दोनेक सेकंद लोड सुटतो.

तापमापक: मग तो बिघाडच आहे. लॉगमधून सगळ्या रीसेटच्या वेळा काढा आणि बीटा नव्याने काढा. ३२५ टिकणार नाही.

सर्किटपुराण: लॉगमध्ये सप्लाय व्होल्टेजची नोंद आहे का? रीसेट मोटर स्टार्ट होतानाच येत असतील तर आधी ब्राउनआउट, म्हणजे व्होल्टेज क्षणभर खाली जाणं, तपासा. त्या दोन न सापडलेल्या बिघाडांचं मूळही तिथेच असू शकतं.

कंट्रोलबोर्ड: नोंद आहे. बघून लिहितो.