नवीन बिअर चाखण्याचा सोस आणि बिचारी पिल्सनर

सातबंगला:
मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे शिव्या घालणाऱ्यांना पूर्ण वाचायचे कष्ट नकोत. टॅपरूममध्ये, म्हणजे जिथे बिअर नळातून थेट ग्लासात येते तिथे, बसल्या बसल्या "आज नवीन काय?" विचारायचं आणि सहा चिमुकल्या ग्लासांचा सॅम्पलर मागवायचा, या सवयीने मुंबईतली क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या ब्रूअरींची बिअर, बिघडत चालली आहे.

सुरुवातीला असं नव्हतं. २००९ मध्ये पुण्यात स्वतःची बिअर बनवणारं डूलाली सुरू झालं, २०१३ मध्ये लोअर परळला द बार्किंग डिअर आलं (पुढे ते बंद पडलं), मग गेटवे ब्रूअरीची व्हाइट झेन ही गव्हाची बिअर इतर पबांच्या टॅपवर दिसू लागली, २०१५ मध्ये डूलाली अंधेरीत आलं, त्यानंतर बेंगळुरूचं टॉइट. त्या काळात हेफेवाइझन ही जर्मन पद्धतीची गव्हाची बिअरच आपल्याला नवलाची होती. केळ्याचा आणि लवंगेचा वास यायचा आणि "यात केळं घातलंय का हो?" असं विचारणारा एक तरी जण प्रत्येक टेबलावर असायचा. केळं नसतं, लवंगही नसते, ती सगळी यीस्टची करामत. हे कळल्यावर जी मजा आली ती वेगळीच होती.

आता टॅपरूममधला बिअरच्या नावांचा फळा बघा. आंबा, पेरू-मिरची, कोकम, कॉफी, नारळ. साधी, स्वच्छ पिल्सनर, म्हणजे फिकट सोनेरी लागर, मात्र शोधावी लागते. कारण सरळ आहे. गव्हाची बिअर किंवा एल (उबेत आंबवलेली बिअर) दोन-तीन आठवड्यांत टाकीतून बाहेर येते. लागरचं यीस्ट थंडीत सावकाश काम करतं आणि नंतर ती बिअर थंड टाकीत मुरावी लागते, म्हणजे चार ते सहा आठवडे, कधी जास्तच. लोअर परळ-अंधेरीच्या भाड्यात टाक्या असणार मोजक्या. गिऱ्हाईक दर शनिवारी नवीन नाव मागणार असेल तर कुठला ब्रूअर दीड महिना टाकी अडवून ठेवेल?

आणि शंभर मिलीच्या घोटात जिंकतं कोण? जी जास्त गोड, जास्त कडू, जास्त वासाची आहे ती. जिचा दुसरा पाइंटही आनंदाने पिता येतो, ती बिअर तिथे फिकी वाटते आणि हरते. खानावळीची परीक्षा वरण-भातावर करतात, पनीर चिली ड्रायवर नाही. होऊन जाऊ द्या.

परमिटरूम:
चारशेच्या आसपास पाइंट, वर कर, वर सर्व्हिस चार्ज. आमच्या इथे तेवढ्यात थंडगार मोठी बाटली, चणे, काकडी आणि उकडलेलं अंडं, शिवाय वेटर नावाने हाक मारतो. चालू द्या तुमचं केळं-लवंग.

हॉप्स_आणि_पोहे:
सातबंगला, तुमचा युक्तिवाद ऐकायला छान आहे, पण तो खिशात पैसे आणि डोक्यात आधीच माहिती असलेल्या माणसाचा आहे.

मी पहिल्यांदा टॅपरूममध्ये गेले तेव्हा वेटरने मला न विचारता फळाची बिअर सुचवली आणि माझ्या भावाला कडू आयपीए. बाई दिसली की गोड द्यायचं हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. सॅम्पलर घेतला म्हणून मला कळलं की मला स्टाउट आवडते. भाजलेल्या सातूची ती कडवट, कॉफीसारखी चव. "मॅडम, ती जड असते, तुम्हाला नाही आवडणार" हे ऐकून गप्प बसले असते तर आजही आंब्याची बिअर पीत बसले असते. चारशे रुपयांचा पाइंट न आवडता अर्धा टाकून देणं मला परवडत नाही. तुम्हाला परवडतं, ठीक आहे.

दुसरं. छोट्या घोटात बिअर कळत नाही म्हणता? बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्राम ही अमेरिकन परीक्षापद्धती १९८५ पासून चालू आहे. तिथले परीक्षक पाइंटभर पीत नाहीत. थोडीशी ओततात, रंग बघतात, वास घेतात, घोट घेतात आणि गुण देतात. त्यांना जमतं तर आपल्यालाही जमेल की.

यीस्टवाला:
काही वर्षं ब्रूअरीत काम केलंय म्हणून चार ओळी जास्त लिहितो, सहन करा.

टाक्यांचं गणित सातबंगला यांनी बरोबर मांडलंय. त्यात एक भर. पिल्सनरमध्ये चूक लपवायला जागा नसते. आंबवणं नीट पुरं झालं नाही तर डायअॅसिटिल नावाचं रसायन मागे राहतं आणि बिअरला थिएटरच्या पॉपकॉर्नसारखा लोण्याचा वास येतो. म्हणून आंबवण शेवटाला आलं की टाकी थोडी उबदार करतात, यीस्ट ते डायअॅसिटिल खाऊन टाकतं आणि मग पुन्हा थंड करतात. घाई केली की सापडलात. हीच चूक पेरू-मिरचीत झाली तर कोणाच्या बापालाही कळत नाही. त्यामुळे फळांच्या बिअरची चलती ही फक्त गिऱ्हाइकाची हौस नाही, ब्रूअरचीही सोय आहे.

पण कोकमाला का झोडता? कोकम घातलेली गोझे प्यायला आहात का? गोझे ही जर्मनीतली जुनी शैली, गोस्लारची, पुढे लाइपझिगमध्ये गाजली. लॅक्टिक म्हणजे दह्यासारखा आंबटपणा, मीठ आणि धने हे तिचं मूळ अंग. मीठ, आंबट आणि धने! त्यात कोकम गेलं तर ते उपरं कसं? बेल्जियममध्ये लांबिक या आंबट बिअरमध्ये चेरी मुरवतातच. फळ घालणं हा गुन्हा नाही. वाईट बिअर बनवून वर आंब्याचा रस ओतणं हा गुन्हा आहे.

दादरकर_सध्या_ठाण्यात:
हॉप्सताई, परीक्षकांचं उदाहरण अर्धंच दिलंत. ते एका वेळी एका शैलीच्या बिअर घेतात, मध्ये पाणी पितात, साधा ब्रेड खातात. आपण काय करतो? सहा ग्लास एकदम येतात, पहिल्यांदा आयपीए उचलतो, जीभ कडू झाली की गव्हाची बिअर "पाणचट" म्हणून बाजूला. सोबत शेजवान चिकन. मिरचीने पेटलेल्या जिभेवर फेसाळ कडू बिअर ओतली की जळजळ आणखी वाढते, चव राहिली बाजूला. फोटो काढेपर्यंत कडेचे दोन ग्लास कोमट.

सॅम्पलर घ्यायचाच तर हलक्यापासून जडाकडे जा आणि स्टाउट शेवटी ठेवा. ती थोडी कमी थंड असली तरच तिचा वास मोकळा होतो, म्हणजे उशीर झाला तरी बिघडत नाही.

परळचा_नातू:
थोडं अवांतर. लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये, म्हणजे जुन्या गिरणीच्या आवारात, बसून "स्थानिक चव" यावर चर्चा ऐकली की मला हसू येतं. १९८२ च्या संपाआधी तिथे पाळी सुटल्यावर माणसं काय प्यायची ते आजोबांकडून ऐकलंय. हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) अमेरिकेचे किंवा जर्मनीचे, यीस्टचं पाकीट परदेशी, मॉल्टही (मोड आणून वाळवलेला सातू) कैकदा बाहेरचा. स्थानिक काय, तर म्युनिसिपालटीचं पाणी!

यीस्टवाला:
@परळचा_नातू, ते पाणीही फिल्टर करून, क्षार मोजून वापरतात. हॉप्सची वेल थंड प्रदेशातली, तिला उन्हाळ्यात लांब दिवस लागतात, म्हणून आपल्याकडे ती लाहौलसारख्या हिमालयी खोऱ्यात होते, पालघरमध्ये नाही. बाकी मूळ धाग्यावर या.

परमिटरूम:
मूळ धागा काय, तर सहा ग्लास की एक. अहो, २०२३ मध्ये परमिट रूममधला व्हॅट ५ वरून १० टक्के झाला तेव्हा यातलं कोण बोललं? आमचा गरीब पिणारा स्ट्राँगच मागतो, कारण त्याला रुपयामागे किती चढते ते बघावं लागतं. तुम्ही लोक सुगंध शोधा.

सातबंगला:
परमिटरूमभाऊ, करावर वेगळा धागा काढा, पहिला पाठिंबा माझा.

हॉप्सताई, वेटरचा अनुभव खरा आहे आणि संतापजनकही. पण त्यावर उपाय म्हणून सॅम्पलर एकदा पुरतो ना? स्टाउट आवडते हे कळलं. पुढच्या वेळी स्टाउटचा पाइंट घ्या, त्याच्या पुढच्या वेळीही घ्या, मग ब्रूअरला सांगा की मागची जास्त भाजलेली होती. गिऱ्हाईक परत येतंय म्हटल्यावर तो ती बिअर सुधारत जातो. दर आठवड्याला नाव बदललं तर तो नेमकं काय सुधारणार? माझी तक्रार शोधण्याबद्दल नाहीच. शोधणं कधीच संपत नाही, याबद्दल आहे. बेल्जियममध्ये बनून येणारी बिरा ९१ ची व्हाइट २०१५ मध्ये बाटलीत आली तेव्हा कित्येकांनी संत्र्याची साल आणि धने घातलेली गव्हाची बिअर पहिल्यांदा प्यायली. आवडली म्हणून तीच पुन्हा पुन्हा मागवली आणि म्हणून ती चालली.

कोकम गोझेबद्दल यीस्टवाल्यांचं म्हणणं मान्य, आंबट-खारटाला माझा विरोध नाही. पेरू-मिरचीला आहे.

हॉप्स_आणि_पोहे:
"एकदा पुरतो" कसा? फळ्यावरची बिअर दर आठवड्याला बदलते हे तुम्हीच वर लिहिलंय. त्याच स्टाउटचा पुढचा बॅच वेगळा लागतो, तो चाखायचा नाही? आणि ब्रूअरला जाऊन "जास्त भाजलीत" सांगायचं म्हणता, तर एकट्या बाईने काउंटरवर उभं राहून हे सांगितलं की काय नजरा मिळतात ते एकदा बघाच.

लागर टाकी अडवते हा ब्रूअरचा प्रश्न. त्याने तिची किंमत थोडी जास्त लावावी, फळ्यावर "सहा आठवडे मुरवलेली" असं लिहावं. लोक घेतील. गिऱ्हाइकाने जीभ आवरावी म्हणजे बिअर सुधारेल, हे काही मला पटत नाही.

दादरकर_सध्या_ठाण्यात:
मधला मार्ग अर्धा पाइंट आहे. अडीचशे-तीनशे मिली. चवही कळते, पैसेही जात नाहीत. पण मागितला तर बऱ्याच ठिकाणी "सर, सॅम्पलर किंवा फुल" एवढंच उत्तर मिळतं.

यीस्टवाला:
तेवढीच ग्लासं, तेवढीच धुणावळ, तेवढाच वेटर आणि बिल अर्धं. मालकाला परवडत नाही, म्हणून नाही म्हणतात. सॅम्पलरचा भाव मिलीमागे काढून बघा, पाइंटपेक्षा महाग पडतो. तो ठेवतात ते काही तुमच्या जिभेच्या काळजीने नाही.

हॉप्स_आणि_पोहे:
महाग पडतो हे मला माहीत आहे, हिशेब येतो मला. अर्धा पाइंट ज्या दिवशी फळ्यावर दिसेल त्या दिवशी सॅम्पलर सोडते. तोवर सातबंगला, तुमची पिल्सनर माझ्या सहा ग्लासांतला पहिला ग्लास असेल, एवढी सवलत देते.