मदत हवी आहे: मोतीबिंदूच्या लेसर ऑपरेशननंतर आईला चौकट वाकडी दिसतेय

उंबरठा: आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लेसरने केलं, सुरुवातीला एकदम मस्त दिसत होतं आणि आता म्हणते दाराची चौकट वाकडी दिसते, मधोमध पुसट. हॉस्पिटलला फोन केला तर 'ड्रॉप्स चालू ठेवा' एवढंच. कुणाला असं झालंय का? लवकर सांगा प्लीज.

रातकिडा: किती दिवस झाले? दुखतंय का, लाल आहे का? शुगर?

उंबरठा: पाच आठवडे. दुखत नाही, लाल नाही. शुगर आहेच, या वयात कुणाला नसते.

जुनाचष्मा: जाळी आली असणार, म्हणजे लेन्समागची पिशवी धुरकट झाली असणार. माझ्या बाबांना सेम, याग लेसर केलं, म्हणजे लेसरने त्या जाळीला भोक पाडलं, पाच मिनिटांत काम. करून टाका.

रातकिडा: जाळीने धुरकट दिसतं हो, चौकट कशी वाकेल? पाच आठवडे, त्यात शुगर, म्हणजे डोळ्यामागच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मध्यभागी सूज आहे का ते आधी बघा, ओसीटी स्कॅनमध्ये (पडद्याच्या थरांचा फोटो) कळतं. यागनंतरही सूज येऊ शकते, उगाच घाई नको.

साधामाणूस: म्हणून सांगतो लेसरच्या नादाला लागू नये, साधं फेको (ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून काढतात ते) बरं.

रातकिडा: मोतीबिंदूच्या ऑपरेशनातला लेसर फक्त छेद देतो, लेन्सची पिशवी गोल कापतो आणि मोतीबिंदूचे तुकडे करतो, पुढे ओढून काढायला फेकोच लागतं. लेसरचे खास घोळ म्हणजे डोळा धरून ठेवणारं सक्शन सुटणं, गॅसचे बुडबुडे अडकून पिशवी फाटणं, ते ऑपरेशन चालू असताना टेबलावरच होतात. सूज दोन्हीत येते.



उंबरठा: एक राहिलं सांगायचं, ड्रॉप्स तिसऱ्या आठवड्यातच संपले, आईने परत आणलेच नाहीत.

रातकिडा: अहो ताई, हे आधी सांगायचं ना! आता मनाने सुरू करू नका, त्या ड्रॉप्समधल्या स्टिरॉइडने डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं. बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या. बहुतेकदा ही सूज ड्रॉप्सनीच उतरते, पण काही आठवडे, कधी महिने जातात. डोळ्यात चमका, नजरेसमोर काळा पडदा सरकल्यासारखं किंवा दुखणं असलं तर त्याच दिवशी पळा.

उंबरठा: दुसरा डोळा झाकून चौकटीच्या वहीचं पान दाखवलं, मधल्या रेघा खचल्यासारख्या दिसतात म्हणे. उद्या सकाळची वेळ घेतलीय.

जुनाचष्मा: ओसीटी नॉर्मल आलं तर यागचं विचाराच.